शाळा सुटली आणि आभाळ फाटलं : वाटेत अडकलेल्या मुलांनी नेमकं काय करायचं

दर जूनच्या पहिल्या आठवड्यात मी वर्गावर एक तास पुस्तक उघडत नाही. फळ्याच्या एका टोकाला 'शाळा' लिहिते, दुसऱ्या टोकाला 'घर', आणि मुलांना विचारते, मधे काय काय लागतं? सातवी-आठवीची पोरं एकदम सुरू होतात : वडापावची गाडी, नाका, स्टेशनचा पूल, रिक्षा स्टँड, नाला. मग दुसरा प्रश्न. यातलं पाणी कुठे तुंबतं? तेही त्यांना पाठ असतं, आपल्यापेक्षा जास्त. तिसऱ्या प्रश्नाला मात्र वर्ग गप्प होतो. पुढे जाता येत नाही, मागे फिरता येत नाही, तर थांबणार कुठे? कुणाकडे?

हा लेख मुख्यतः त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. मी कुर्ल्याच्या बाजूला शिकवते, त्यामुळे मुंबई जास्त येईल. पण गावाकडच्या वहाळाचं, ओढ्याचं आणि विजेचंही सांगणार आहे, कारण तिकडची मुलं आमच्या मुलांपेक्षा अवघड वाट रोज तुडवतात.

आधी माझं स्वतःचं सांगते. २६ जुलै २००५, मंगळवार. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. दुपारी दोननंतर पाऊस असा काही सुरू झाला की समोरची इमारत दिसेना. तासाभरात सूचना आली, कॉलेज सोडतोय, सगळ्यांनी घरी जा. कसं जा, ते कुणी सांगितलं नाही. लोकल बंद. आम्ही चौघी माटुंग्याहून कुर्ल्याच्या दिशेने चालायला लागलो. सायनच्या पुढे पाणी मांडीला लागलं तेव्हा एका पानाच्या टपरीवाल्याने लोखंडी स्टुलावर उभं राहून हाक मारली, ''ए पोरींनो, पुढे छातीएवढं आहे. त्या जिन्यात जाऊन बसा.'' आम्ही बसलो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी रात्री वर बोलावलं, गॅसवर डाळ-तांदळाची खिचडी टाकली, कोरडे गाऊन दिले. मोबाइल केव्हाच बंद पडले होते. सकाळी अकराच्या सुमारास मी घरी पोचले, अंगावर साधा ओरखडा नाही. बाबा मात्र घरात नव्हते. संध्याकाळी सहाला ते मला शोधायला बाहेर पडले होते. ते दुपारी आले, पायात पत्रा घुसलेला, पाच टाके पडले. मी ज्या जिन्यात बसले होते त्याच्या समोरच्या रस्त्यावरून ते दोनदा गेले होते.

मी सुरक्षित होते आणि जीव धोक्यात घातला तो बाबांनी. कारण मी कुठे थांबेन, हे आमच्यात कधी ठरलंच नव्हतं.

त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३.४. एकाच शहरात. दक्षिण मुंबईत ऑफिसात बसलेल्या आईबापांना उपनगरात काय चाललंय याची कल्पनाच येईना. 'आमच्याकडे तर एवढं काही नाही' हे वाक्य पावसाळ्यात फोनवर ऐकलं की मला अजून धास्ती वाटते.

थांब्यांचा कागद

हे काम पाऊस सुरू व्हायच्या आधीचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. अर्धा तास लागतो. मुलाला शेजारी बसवून करा, त्याच्यासाठी करून ठेवू नका.

घर ते शाळा या रस्त्याचे टप्पे पाडा. शाळा ते स्टेशन हा एक, स्टेशन ते स्टेशन हा दुसरा, स्टेशन ते घर हा तिसरा. प्रत्येक टप्प्यात किमान एक 'थांबायचं घर' हवं. सख्खी मावशीच हवी असं नाही. ओळखीचं मेडिकल चालेल, शिंप्याचं दुकान चालेल, वर्गातल्या मैत्रिणीची इमारत चालेल. अटी तीनच. जागा वरच्या मजल्यावर किंवा उंचावर हवी, माणूस संध्याकाळी तिथे असतो याची खात्री हवी, आणि त्या माणसाला आधी विचारलेलं हवं. तिसरी अट लोक टाळतात. संकोच वाटतो. पण ''ताई, कधी पावसात पोरगी अडकली तर तुमच्याकडे येऊन बसेल हां,'' एवढंच म्हणायचं असतं. माझ्या आजवरच्या वर्गांतून अशा विनंतीला कुणी नाही म्हटल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

मग पोस्टकार्डाएवढ्या कागदावर हे लिहा. नाव, इयत्ता, रक्तगट, काही औषध चालू असेल तर ते. खाली आई, बाबा आणि गावाबाहेर राहणारा एक नातेवाईक, यांचे नंबर. हा बाहेरगावचा माणूस फार कामाचा. मुंबईतल्या मुंबईत फोन लागत नाही तेव्हा पुण्याच्या आत्याला कधीकधी लागतो, मग आत्या दोन्हीकडे निरोप देते. त्याखाली टप्पे आणि थांबे. कागद लॅमिनेट करा, पंधरा-वीस रुपयांचं काम आहे. एक प्रत दप्तरात, एक घरच्या फ्रिजवर, एक वर्गशिक्षकांकडे. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला म्हणजे झालं असं समजू नका. नेमका मोबाइलच बंद पडतो, आणि आजकाल आईचा नंबरही कुणाला पाठ नसतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी सायनला अडकली. तिच्या कागदावर तिथे एक टेलरचं दुकान होतं. ती तिथे गेली, कागद दाखवला, टेलरकाकांनी घरी फोन लावला. लागला नाही. पण तिच्या आईला फ्रिजवरच्या कागदावरून माहीत होतं की पोरगी पोचली असेल तर टेलरकडेच. आई घरातून हलली नाही. रात्री साडेनऊला पाणी ओसरल्यावर काका तिला सोडून गेले. तोवर तिने त्यांच्या दुकानात दोन डझन ब्लाउजना हुक लावले होते, असं तिने दुसऱ्या दिवशी वर्गात ऐटीत सांगितलं.

दप्तरात

याद्या वाचून लोक दप्तर इतकं भरतात की पोरगं त्या वजनानेच पडेल. थोडक्यात सांगते. पूर्ण बाह्यांचा, भडक रंगाचा रेनकोट हवा. काळा किंवा गडद निळा नको, संध्याकाळी गाडीवाल्याला दिसत नाही. वाऱ्यात छत्री उलटी होते आणि एक हात अडकवते, पण तिचा दुसरा उपयोग आहे, तो पुढे येईल. वह्यापुस्तकांना आतून जाड प्लास्टिकची पिशवी. बाहेरच्या कव्हरवर भिस्त नको, ते पाठीच्या बाजूने उघडंच असतं. एक छोटी टॉर्च, शिट्टी, पाण्याची बाटली, बिस्किटचा पुडा किंवा चिक्की. दहा-वीसच्या नोटा मिळून दोनशे रुपये, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. नेट गेलं की रिक्षावाल्याला क्यूआर कोड दाखवून उपयोग नसतो.

पायात मागून पट्टा असलेले सँडल किंवा बूट. स्लिपर पाण्यात पहिल्या दहा पावलांत वाहून जाते आणि मग माणूस अनवाणी. काच, खिळे, पत्रा सगळं त्या गढूळ पाण्याखाली असतं. बूट खराब होतील म्हणून ते काढून हातात धरून चालणारी मुलं दरवर्षी दिसतात. शहाण्यांनो, बूट नवे मिळतात.

निघायचं की थांबायचं

खरा निर्णय शाळेच्या फाटकातच होतो. एकदा रस्त्यावर उतरलं की निर्णय तुमचे राहत नाहीत, गर्दीचे होतात.

दुपारीच हवामान खात्याचा इशारा बघा. खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे 'जोरदार', ११५.६ च्या पुढे 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार'. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पण हा रंग साधारणपणे अख्ख्या जिल्ह्याचा आणि अख्ख्या दिवसाचा असतो. शाळा सुटताना तुमच्या कामाचा असतो तो पुढच्या तीन तासांचा तात्काळ इशारा. तो खात्याच्या संकेतस्थळावर आणि 'मौसम' अ‍ॅपवर मिळतो.

मुंबईकरांनी त्याला भरतीची वेळ जोडायची. रस्त्यावरचं पाणी नाल्यांतून समुद्रात जातं. समुद्रच वर आला की ते जायला जागा राहत नाही. काही ठिकाणी भरतीच्या वेळी नाल्यांच्या मुखाची दारं बंद करावी लागतात, नाहीतर समुद्र उलटा शहरात शिरेल. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशा ठिकाणची पंपिंग स्टेशनं तेव्हा पाणी उपसून बाहेर फेकतात, पण पावसाचा जोर त्यांच्या ताकदीपलीकडे गेला की रस्ते भरतात. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते, वर्तमानपत्रांत तक्ता छापून येतो. तो कापून वर्गात लावा. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं, म्हणजे भरतीनंतर सहाएक तासांनी ओहोटीचा तळ येतो. भरती साडेतीनला असेल आणि शाळा साडेपाचला सुटत असेल, तर दोन-तीन तास शाळेतच बसण्याला अर्थ आहे. पाण्याला उतरायला वाट मिळते. कोसळणं थांबलंच नाही तर हेही गणित चुकतं, पण बहुतेक दिवशी ते बरोबर येतं.

आता एक मत, ज्यावरून माझे स्टाफरूममध्ये वाद झालेत. पाऊस वाढला की 'मुलांना लवकर सोडा' असा घोष सुरू होतो. पाणी भरायच्या आधी, सकाळीच सोडलं तर ठीक. पण ऐन जोरात असताना सोडलं, तर गावातली सगळी शाळा-कॉलेजं, ऑफिसं एकाच वेळी रस्त्यावर येतात. शाळेला पक्का पहिला मजला आहे, संडास आहेत, पोषण आहाराचे तांदूळ आहेत. रात्र काढायला रस्त्यापेक्षा शाळा शंभर पटीने बरी. शिक्षकांनी हजेरीपट घेऊन बसावं, मूल कुणाच्या ताब्यात दिलं ते सहीनिशी लिहावं, आणि अनोळखी माणूस 'मी तिचा काका' म्हणून आला तर त्या कागदावरच्या नंबरवर खात्री केल्याशिवाय सोडू नये.

पाण्यातून चालायची वेळ आलीच तर

आधी पाण्याकडे दोन मिनिटं नुसतं बघत उभं राहा. साचलेलं आहे की वाहतं आहे? वाहत्या पाण्याचा लोक फार कमी अंदाज करतात. जोरात वाहणारं वीतभरसुद्धा नसलेलं, साधारण १५ सेंटिमीटर पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं. फूटभर पाण्यात छोटी मोटार तरंगायला लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. साचलेलं असेल तर मुलासाठी गुडघा ही हद्द. गुडघ्याच्या वर गेलं की वळायचं, मग घर समोर दिसत असलं तरी.

मुंबईत पाण्याइतकीच भीती झाकण नसलेल्या मॅनहोलची. पाणी लवकर ओसरावं म्हणून कुणीतरी झाकण उघडतं, किंवा आतल्या दाबाने ते आपोआप उचललं जातं. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नामवंत डॉक्टर घरापासून थोड्याच अंतरावर असेच मॅनहोलमध्ये पडून दगावले. त्यानंतर पालिकेने झाकणांखाली जाळ्या बसवायला घेतल्या. तरी गृहीत एकच धरायचं : खाली जाळी नाही.

चालायची रीत अशी. छत्री मिटा आणि काठीसारखी धरा. पुढे एक हातावर टोक टेकवा, जमीन लागली की मागचा पाय पुढे घ्या. पाय उचलून टाकू नका, जमिनीवर घासत सरकवा. दुभाजक असेल तर त्याच्या कडेने, हाताने त्याला धरून. एकट्याने कधीच नाही. तीन-चार जणांनी एकामागोमाग, पुढच्याच्या दप्तराचा पट्टा धरून जायचं, उंच आणि वजनदार मूल पुढे. पाण्यात एखादी फांदी, बांबू किंवा लाल कापड उभं केलेलं दिसलं तर ती कुणीतरी तुमच्यासाठी लावलेली खूण आहे, तिथे खड्डा किंवा उघडं झाकण आहे. पाणी एका जागी गोल फिरतंय, भोवरा दिसतोय, तरी लांबून वळसा. फोन खिशात. व्हिडिओ नंतर.

दुसरी भीती करंटची. विजेचे खांब, पाण्यात उभ्या असलेल्या डीपी, फीडरच्या पेट्या, दुकानांचे झगमगते बोर्ड, जाहिरातींचे लोखंडी सांगाडे, यांपासून चार हात दूर. लोखंडी रेलिंगला विजेची वायर बांधलेली असेल तर त्यालाही हात नको. पायात झिणझिण्या आल्यासारखं वाटलं तर लांब ढांगा टाकून पळायचं नाही. दोन पायांतलं अंतर जितकं जास्त तितका झटका जास्त. पावलं एकमेकांना चिकटवून, सरकत सरकत, आलात त्याच दिशेने मागे जा. कुणी चिकटलेलं दिसलं तर त्याला धरू नका, ओरडा, लोकांना दूर ठेवा, ११२ ला किंवा वीज तक्रारीच्या १९१२ ला फोन करा. हे मुलांना ऐकायला फार कठीण जातं, कारण पडलेला मित्र असतो. म्हणून वर्गात हे मी तीन वेळा सांगते.

मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंवा तुमच्या गावातला रेल्वेखालचा कुठलाही बोगदा : पाणी दिसलं की तो रस्ता त्या दिवसापुरता अस्तित्वातच नाही.

लोकलमध्ये अडकलात तर

कुर्ला, सायन, चुनाभट्टी, मस्जिद या भागांत रूळ सखल आहेत, पाणी चढलं की गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. अर्ध्या तासात डब्यात कुणीतरी उठतं आणि म्हणतं, चला, उतरून चालू या. त्याच्या मागे वीस जण उतरतात. तुम्ही उतरू नका. रुळांमध्ये पाण्याखाली सिग्नलच्या केबल, नाल्यांच्या उघड्या फटी आणि खडी असते, बाजूच्या रुळावरून गाडी केव्हा सुरू होईल ते कळत नाही, डोक्यावर २५,००० व्होल्टची तार असते. रेल्वेचा माणूस येऊन शिडी लावून उतरवत असेल तरच उतरायचं.

२७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली. चहूबाजूंनी पाणी. रेल्वे सारखी सांगत होती, गाडीतच थांबा. हजाराच्या आसपास प्रवासी होते, लोक तासन्‌तास थांबले आणि बोटींनी सगळे सुखरूप बाहेर आले. त्या डब्यात बसून राहायला केवढा धीर लागला असेल याचा विचार करा.

डब्यात अडकल्यावर पहिलं काम म्हणजे बॅटरी वाचवणं. घरी एकच मेसेज टाका, त्यात तीन गोष्टी : मी कुठे आहे, कोणाबरोबर आहे, पुढे काय करणार आहे. 'सायन-कुर्ला मधे गाडीत, मैत्रीण सोबत, गाडीतच बसलेय, पुढचा मेसेज सातला.' मग डेटा बंद, फोन विमानाच्या मोडवर. सातला पुन्हा चालू. दर पाच मिनिटांनी 'कुठे पोचलीस?' विचारणाऱ्या आईबापांनी हे वाचावं, तुमच्या काळजीने तिची बॅटरी संपते. रेल्वेची मदत १३९ वर, मुंबई पालिकेचा आपत्ती कक्ष १९१६ वर, बाकी जिल्ह्यांत १०७७.

स्टेशनवर उतरलात आणि पुढे वाट बंद असेल तर स्टेशनवरच थांबा, शक्यतो पुलावर किंवा तिकीट खिडकीजवळ, जिथे उजेड आणि माणसं आहेत. मोठ्या पावसात पालिका स्टेशनांजवळच्या शाळा निवाऱ्यासाठी उघडते, पोलिसाला विचारलं तर तो सांगतो. २९ ऑगस्ट २०१७ चा पाऊस आला तो गणपतीचा पाचवा दिवस होता, आणि कितीतरी मंडळांनी मांडवात अडकलेल्यांना बसवून घेतलं, चहा-पोहे दिले. गुरुद्वारे, मशिदी, देवळांचे सभामंडप असे दिवस बघून दारं उघडतात. मुलींनी आणि लहान मुलांनी एवढं पाहावं की जागा सार्वजनिक आहे, बायका-मुलं आधीच बसलेली आहेत. एकट्या माणसाच्या गाडीत 'सोडतो बेटा' म्हटल्यावर बसायचं नाही, पाऊस कितीही असो.

गाडीत किंवा बसमध्ये

२००५ ला माणसं बंद मोटारींत अडकूनही दगावली. काचा विजेवर चालणाऱ्या, पाणी शिरल्यावर चालेनात, दारं बाहेरच्या दाबाने उघडेनात. म्हणून पाणी दाराच्या खालच्या कडेला लागलं की काचा उतरवून घ्यायच्या आणि उंच जागा जवळ असेल तर गाडी सोडायची. गाडीचा विमा असतो. कॉलेजच्या मुलांनी स्कूटर पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारत बसू नये, इंजिनात पाणी ओढलं जातं. ढकलत कडेला लावा, कुलूप घाला, चालते व्हा.

स्कूल बसमध्ये मुलं असतील तर बस उंचावर घेऊन तिथेच उभी ठेवणं हे ड्रायव्हरचं काम. बसमधल्या मावशींकडे मुलांच्या घरचे नंबर कागदावर असलेच पाहिजेत, हे पालकसभेत विचारा.

वहाळ, ओढा, फरशी पूल

कोकणात शाळेच्या वाटेवर साकव, म्हणजे वहाळावरचा छोटा पूल असतो, घाटमाथ्यावर आणि मराठवाड्यात ओढ्यावरची फरशी. इथे पाण्याची चाल वेगळी. तुमच्या डोक्यावर पाऊस नसतो, पण वरच्या अंगाला डोंगरात झालेला असतो, आणि लोंढा अर्ध्या तासाने खाली येतो. सकाळी पाऊल बुडेल एवढं असलेलं पाणी दुपारी छातीला लागतं. गावच्या म्हाताऱ्यांना याच्या खुणा माहीत आहेत, त्यांच्याकडून शिकून घ्या. निवळ पाणी अचानक गढूळ-तांबडं होतं. काटक्या, पाला, फेस वाहून यायला लागतो. आवाज बदलतो, खळखळीचा घुमा होतो. यातलं एकही दिसलं तर काठ सोडून वर चढायचं, चप्पल वाहून गेली तरी मागे वळायचं नाही.

फरशीवरून पाणी जात असेल तर पलीकडे जायचं नाही. घोट्याएवढं असलं तरी. खालची फरशी जागेवर आहे की उखडली, ते वरून दिसत नाही. 'ड्रायव्हर रोजचा आहे, त्याला माहीत आहे' यावरही विसंबू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या पुलावर पाण्यातून घातलेली एसटी वाहून गेली, माणसं दगावली. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूलच पुरात कोसळला आणि दोन एसट्या त्यात गेल्या. एसटी पाण्यात घालू लागला तर बसमधल्या मोठ्या माणसांनी थांबवावं, आणि मुलांनीही 'काका, मला इथे उतरवा' म्हणायला लाजू नये.

अलीकडच्या काठावरच्या वाडीत एक घर ठरवून ठेवा. थांब्यांच्या कागदाची खरी गरज इथेच आहे. कोकणात पूर्वीपासून पलीकडच्या वाडीतली पोरं वहाळ भरला की अलीकडे कुणाकडेतरी राहायची, भात-आमटी जेवून दुसऱ्या दिवशी तिथूनच शाळेत. ती रीत आता फोनमुळे मोडली, प्रत्येकाला घरीच यायचं असतं.

वीज कडाडत असेल तर

मराठवाडा, विदर्भात हा पाण्यापेक्षा मोठा धोका, विशेषतः एप्रिल ते जून आणि परतीच्या पावसात. चमक दिसली की मोजायला लागा. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या बसमध्ये जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने केलेलं 'दामिनी' अ‍ॅप आसपासच्या विजेचा इशारा देतं, शिक्षकांच्या फोनमध्ये ते असावं.

झाडाखाली नाही. सगळ्यांना ठाऊक आहे, तरी बातमी वाचा, झाडाखालीच. माळावर एकटंच झाड असतं आणि पाऊस बोचत असतो, म्हणून पाय तिकडेच वळतात. उघड्या रानात सापडलात तर सायकल टाकून लांब व्हा, तारेच्या कुंपणापासून दूर राहा, एकमेकांपासून अंतर ठेवा. दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसा, मान गुडघ्यांत, हात कानांवर. आडवं पडू नका. हे शेवटचा उपाय म्हणून, पक्कं छप्पर जवळ असेल तर तिकडेच पळा. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला हात लावायला घाबरू नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन.

घरी पोचल्यावर

आधी साबणाने पाय, हात, मग सगळं अंग. ओले कपडे उतरवून कोरडे, मग गरम काहीतरी. खूप कुडकुडत असेल, बोलणं अडखळत असेल तर पांघरुणात घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. घरात पाणी शिरलं असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय कशाला हात नको, आणि ओल्या हाताने तर मेन स्विचलाही नको. भिजलेला फोन चार्जिंगला लावू नका.

पायाला जखम असो वा नसो, तुंबलेल्या पाण्यातून चाललेल्या प्रत्येकाने ७२ तासांच्या आत दवाखान्यात जावं. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या मूत्रातून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) जंतू त्या पाण्यात येतात आणि साध्या खरचटण्यातून शरीरात शिरतात. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. पालिकेच्या दवाखान्यात प्रतिबंधक गोळ्या मिळतात. कुणाला कुठली, किती, हे वयावर आणि जखमेवर ठरतं, म्हणून शेजाऱ्याच्या पाकिटातली परस्पर देऊ नका. आणि घरच्या कॅलेंडरवर त्या दिवसापुढे खूण करा. त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं : अमुक तारखेला हा पाण्यातून चालला होता.

वह्यांचं काय, हे मुलं सगळ्यात आधी विचारतात. पानं चिकटलेली असताना ओढू नका. वही उभी करून पाणी निथळू द्या, दर दहा-बारा पानांमागे वर्तमानपत्राचा कागद घाला, पंख्याखाली ठेवा, कागद दोनदा बदला. शाईचं गेलं ते गेलं. बॉलपेनचं बहुतेक राहतं. बुटांतही वर्तमानपत्र कोंबा, सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात. आणि दप्तर पालथं करताना तो लॅमिनेट केलेला कागद आत आहे ना, ते बघा. धुवायच्या गडबडीत तोच बाहेर राहतो.